खनिजे घाला, पण क्लोरीन काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बार्देसमध्ये शिवोली, आसगाव, हणजूण या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत घराच्या अंगणात पोहण्याचा छोटा तलाव बांधण्याची चाल पडली आहे, आणि अलीकडे अशा घरांच्या जाहिरातींत ‘क्लोरीनमुक्त खनिज तलाव’ हे शब्द दिसू लागले आहेत. ते वाचले की मला स्वस्थ बसवत नाही. एका जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षे पाणी तपासले आहे, आणि निवृत्तीनंतर माझ्या मुलीच्या शिवोलीच्या घरातल्या तलावाने मला पुन्हा त्याच कामाला जुंपले आहे. तलावात खनिजे घालण्याला माझी हरकत नाही. प्रमाणात घातली तर त्यांचा उपयोग आहे, आणि आम्ही स्वतः ती वर्षाचे काही महिने वापरतो. हरकत आहे ती ‘क्लोरीनमुक्त’ या विशेषणाला, कारण त्यावर विश्वास ठेवून लोक क्लोरीन खरोखरच बंद करतात.

‘खनिज’ या एका शब्दाखाली बाजारात निदान तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, हे आधी सांगितले पाहिजे. पहिली म्हणजे तांबे, चांदी आणि क्वचित जस्त यांचे आयन पाण्यात सोडणारी कार्ट्रिज किंवा विजेवर चालणारी उपकरणे. या पत्रात मला मुख्यतः त्यांच्याचबद्दल बोलायचे आहे. दुसरी म्हणजे मॅग्नेशियम आणि पोटॅशियमची क्लोराइडे, जी पोत्याने पाण्यात घालतात. त्यांच्या जोडीला पंपाच्या नळीवर विद्युत विघटनाचा एक घट बसवलेला असतो, आणि तो घट त्याच क्लोराइडांपासून क्लोरीन तयार करतो. म्हणजे ‘मॅग्नेशियम तलाव’ हा मुळात क्लोरीनचाच तलाव असतो, फक्त क्लोरीन डब्यातून न येता जागच्या जागी बनते. असे पाणी अंगाला मऊ लागते हे खरे, पण त्वचेतून मॅग्नेशियम शोषले जाऊन सांधेदुखी बरी होते वगैरे जे सांगितले जाते त्याला पुरेसा आधार नाही. तिसरी वस्तू म्हणजे बोरेट, आपण कॅरमच्या बोर्डावर टाकतो त्या बोरिक पावडरीच्या कुळातली. ती पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा) स्थिर ठेवायला मदत करते आणि शेवाळाला थोडी आवरते, पण जंतू मारण्याचे काम तिच्याकडून होत नाही.

तांबे आणि चांदी यांच्यावरचा आपला विश्वास जुना आहे, आणि तो खोटा नाही. रात्री तांब्याच्या कळशीत भरून ठेवलेले पाणी सकाळी पिणारी पिढी अजून आपल्यात आहे. धातूच्या अत्यल्प अंशाने सूक्ष्म जीव मरतात या गुणाला स्विस शास्त्रज्ञ कार्ल फोन नेगेली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रीय नाव दिले. पुढे 1960 च्या दशकात अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने अपोलो यानांतल्या पिण्याच्या पाण्यासाठी चांदीचे आयन सोडणारे छोटे यंत्र तयार केले. आणि मोठ्या रुग्णालयांच्या गरम पाण्याच्या नळांत लिजियोनेला हा जंतू माजू नये म्हणून तांबे आणि चांदी यांचे आयन आजही वापरले जातात. मग पोहण्याच्या तलावातच त्यांच्यावर अविश्वास का, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे.

उत्तर वेळेत आहे. कळशीतल्या पाण्याला रात्रभराचा अवधी मिळतो आणि त्यात कोणी उतरत नाही. तलावात मात्र एक मूल पाण्यात शिरते आणि त्याच्या अंगावरचे जंतू हातभर अंतरावरच्या दुसऱ्या मुलाच्या तोंडात जायला काही सेकंद पुरतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दिलेल्या आकड्यांप्रमाणे, लिटरला 1 मिलिग्रॅम म्हणजे 1 पीपीएम मुक्त क्लोरीन (मळाशी जोडले न गेलेले, कामाला मोकळे असलेले) असेल, सामू 7.5 आणि तापमान 25 अंश असेल, तर ई. कोलाय हा जंतू एका मिनिटाच्या आत मरतो, कावीळ करणारा हिपॅटायटिस ए विषाणू सुमारे 16 मिनिटांत आणि जुलाब करणारा जिआर्डिया हा परजीवी सुमारे 45 मिनिटांत निष्प्रभ होतो. तलावात सुरक्षितपणे ठेवता येईल इतक्या तांब्या-चांदीचा हिशेब मिनिटांत होत नाही, तासांत होतो. (क्लोरीनलाही दाद न देणारा, जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी आहेच, त्याला 1 पीपीएम क्लोरीनमध्येही दहा दिवसांहून अधिक लागतात, म्हणून जुलाब होत असलेल्या माणसाने तलावात उतरू नये हा नियम कोणत्याही रसायनाने रद्द होत नाही.)

दुसरे उत्तर याहून महत्त्वाचे आहे, आणि ते दुकानात कोणी सांगत नाही. तलावात फक्त जंतू येत नाहीत. घाम येतो, अंगाला फासलेले तेल आणि सनस्क्रीन येते, आंब्याची आणि माडाची पाने पडतात, आणि लहान मुले पाण्यात काय करतात हे आई-बापांना ठाऊक असते. हा सगळा सेंद्रिय मळ जाळून टाकायला ऑक्सिडीकरण करणारे द्रव्य लागते. क्लोरीन ते करते. तांबे आणि चांदी ते अजिबात करत नाहीत. जंतूंना हळूहळू मारणारा, पण मळ जसाच्या तसा ठेवणारा धातू पाण्यात असला, तर पाणी काही दिवस नितळ दिसते आणि मग एकदम हातचे जाते.

आमच्याकडे नेमके हेच घडले. मागच्या दिवाळीच्या आधी एका विक्रेत्याने मुलीच्या तलावाच्या पंपाला खनिजांचे कार्ट्रिज बसवून दिले, आता क्लोरीनच्या गोळ्या घालायची गरज नाही असे सांगितले, आणि मी फोनवर आत कोणता धातू आहे असे विचारले तेव्हा “काका, सगळे नैसर्गिक आहे” एवढेच उत्तर दिले. पहिले काही आठवडे पाणी खरोखरच सुंदर होते. डोळे चुरचुरत नव्हते, वास नव्हता, आणि जावयांनी मला “तुमच्या नोकरीचे दिवस संपले” असे हसत हसत ऐकवलेही. नाताळात पुण्याहून आणि बेळगावहून पाहुणे आले, चार दिवस सकाळ-संध्याकाळ तलावात पंधरा-सोळा माणसे होती, आणि पाचव्या दिवशी पाणी ताकासारखे झाले. दोन मुलांचे कान दुखू लागले. डॉक्टरांनी पोहणाऱ्यांना होतो तो बाह्यकर्णाचा दाह असल्याचे सांगितले. त्याचा दोष नक्की याच पाण्याचा होता असे मी ठामपणे म्हणणार नाही. पण मी माझे जुने किट काढून पाणी तपासले तेव्हा त्यात मुक्त क्लोरीन जवळजवळ नव्हते आणि सामू 6.8 होता.

यानंतर जे झाले ते अधिक बोधप्रद आहे. मी म्हापशाहून पोचेपर्यंत तलावाची देखभाल करणाऱ्या मुलाने घाबरून शेवाळनाशकाची निळी बाटली अर्धी ओतली होती आणि सामू चढवण्यासाठी धुण्याच्या सोड्याची अख्खी पिशवी एकाच कोपऱ्यात रिकामी केली होती. ते निळे शेवाळनाशक म्हणजेसुद्धा तांबेच. आधी कार्ट्रिजमधून आलेले तांबे, वर बाटलीतले तांबे, आणि एकाएकी चढलेला सामू. तांब्याने पाण्यात राहायचे नाकारले आणि ते पायऱ्यांवर आणि पांढऱ्या गिलाव्यावर निळसर हिरव्या डागांच्या रूपाने बसले. उरलेल्या पाण्यातही मी तांबे मोजले तेव्हा ते 0.9 पीपीएम भरले. मी दोन दिवस त्याच पाण्यात उतरून भिंती घासल्या, आणि तिसऱ्या दिवशी आरशात पाहिले तर माझ्या पांढऱ्या केसांवर हिरवट झाक होती. क्लोरीनने केस हिरवे होतात असे लोक म्हणतात, पण तो रंग क्लोरीनचा नसतो. ऑक्सिडीकरण झालेले तांबे केसांतल्या प्रथिनाला चिकटते, त्याचा असतो. काळ्या केसांवर तो दिसत नाही एवढेच. लिंबाचा रस चोळून तो बराचसा गेला, पण नातवंडांनी मला ‘शेवाळलेले आजोबा’ हे नाव तोपर्यंत देऊन टाकले होते.

तांब्याचे प्रमाण किती नाजूक असते हे आपल्याकडच्या कुळागरवाल्यांना वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात पोफळीला कोळेरोग लागू नये म्हणून 1 टक्क्याचे बोर्डो मिश्रण फवारतात, त्यासाठी शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना लागतो. तलावाचा हिशेब त्याच्यापुढे अगदीच चिमूटभर आहे. मुलीचा तलाव 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी 1.4 मीटर खोल आहे, म्हणजे त्यात सुमारे 45 हजार लिटर पाणी मावते. त्यात 0.3 पीपीएम तांबे आणायचे तर साडेतेरा ग्रॅम तांबे पुरते. मोरचुदात वजनाच्या चौथाई तांबे असते, म्हणजे 54 ग्रॅम मोरचूद झाला. मुठीतही दिसणार नाही इतका. शेवाळ आवरायला 0.2 ते 0.4 पीपीएम तांबे भरपूर होते, आणि त्याच्या दुपटीवर गेले की डागांची भीती सुरू होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, तांब्याची स्वीकार्य मर्यादा 0.05 आणि पर्याय नसल्यास चालवून घेण्याची मर्यादा 1.5 मिलिग्रॅम आहे. तेव्हा तलावातले तांबे नाका-तोंडात गेल्याने कोणी लगेच आजारी पडेल असे मला सुचवायचे नाही. माझी तक्रार मोजमाप न करता घालण्याविषयी आहे.

कारण तांबे उडून जात नाही. क्लोरीन उन्हात संपते. त्याला स्थिर करणारे द्रव्य पाण्यात नसेल तर भर दुपारी दोन तासांत नव्वद टक्क्यांच्या आसपास नाहीसे होते. धातू मात्र पाणी बदलल्याशिवाय, बॅकवॉशने (गाळणी उलट्या प्रवाहाने धुताना) बाहेर गेल्याशिवाय किंवा भिंतीवर बसल्याशिवाय तलाव सोडत नाही. म्हणूनच गोव्याच्या ऋतूंचा विचार न करता परदेशी माहितीपत्रकातला ‘वर्षभर एकच कार्ट्रिज, सहा महिन्यांनी बदला’ हा सल्ला जसाच्या तसा पाळणे मला अयोग्य वाटते. ऑक्टोबरचा परतीचा पाऊस सोडला तर मेपर्यंत आपल्याकडे जवळजवळ पाऊस नसतो. एप्रिल-मेमध्ये तलावातून रोज चार-पाच मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाते, म्हणजे आमच्या तलावातून दीडशे लिटरच्या आसपास. तेवढे पाणी आपण विहिरीतून किंवा टँकरने पुन्हा भरतो, आणि जुने तांबे, जुने क्षार आत राहून वर नवे येऊन मिळतात. या आठ महिन्यांत खनिजे साठत जातात.

आणि मग पाऊस लागतो. गोव्यात किनारपट्टीवर वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. 32 चौरस मीटरच्या उघड्या तलावावर तेवढा पाऊस म्हणजे 96 हजार लिटर पाणी. तलावाच्या क्षमतेच्या दुपटीहून जास्त. ते सगळे काठावरून वाहून जाते, आणि वाहताना आतले पाणी सोबत नेते. पावसाचे पाणी नीट मिसळत गेले असे धरून हिशेब केला, तर चतुर्थीच्या सुमाराहून थोडे पुढे, सप्टेंबरअखेरीस, जूनमधल्या खनिजांचा जेमतेम आठवा हिस्सा तलावात उरतो. म्हणजे शेवाळ सर्वांत जोमाने वाढते त्या ओल्या, उबदार, पाना-मातीने भरलेल्या महिन्यांत महागाचे कार्ट्रिज गटाराला तांबे पुरवत असते, आणि जेव्हा त्याची गरज कमी असते त्या कोरड्या महिन्यांत ते तलावात गरजेपेक्षा जास्त साठवते. हा उलटा कारभार लक्षात आल्यापासून आम्ही जूनमध्ये कार्ट्रिज काढून कपाटात ठेवायचे ठरवले आहे.

पावसाळ्यात तलावाची भिस्त क्लोरीनवर आणि सामूवरच ठेवावी लागते. एका दिवसात 100 मिलिमीटर पडला तर 3200 लिटर नवे पाणी येते, आणि ते मऊ, अल्कलिनिटी (सामूचे चढउतार झेलण्याची पाण्याची ताकद) नसलेले असते. आपल्या जांभ्या दगडातून झिरपून येणारे विहिरीचे पाणीही तसेच. मुलीच्या विहिरीचा सामू मी मोजला तेव्हा तो 6.2 होता, आणि काही विहिरींत लोहही असते, जे क्लोरीन पडताच चहासारखा रंग धरते. असे पाणी तलावात आले की सामू घसरतो, गिलाव्याचा चुना आणि पंपाचा धातू खाल्ला जातो. मग कोणी एकदम सोडा ओतला की तो उसळतो. खाण्याचा सोडा घालून अल्कलिनिटी 80 ते 120 पीपीएमच्या दरम्यान आधी आणली, तर हा झोका थांबतो. धुण्याचा सोडा लागलाच, तर तो बादलीत विरघळवून, पंप चालू ठेवून, दोन-तीन हप्त्यांत घालावा, विशेषतः पाण्यात तांबे असेल तेव्हा.

आता ज्या त्रासाला कंटाळून लोक खनिजांकडे वळतात त्याबद्दल. डोळे चुरचुरणे आणि तो नाकात जाणारा ‘क्लोरीनचा वास’ हे क्लोरीन जास्त झाल्याचे लक्षण आहे, असा सार्वत्रिक समज आहे. बहुतेक वेळा उलटे असते. घाम आणि मूत्र यांतल्या नायट्रोजनशी जोडले गेलेले क्लोरीन, म्हणजे क्लोरामाइन, तो वास देते आणि डोळ्यांना झोंबते, आणि पाण्यात मुक्त क्लोरीन पुरेसे नसते तेव्हाच ते साचते. त्यात सामू बिघडलेला असला की त्रास वाढतो. पाण्यात घातलेल्या क्लोरीनपैकी जंतू मारणारा जो भाग, हायपोक्लोरस आम्ल, तो सामू 7.2 असताना सुमारे दोन तृतीयांश असतो, 7.5 ला निम्मा, आणि 8 ला पाचवा-चौथा हिस्सा. एवढे एक कोष्टक तलावाशेजारी टांगले, तर निम्मे लोक कार्ट्रिज विकत घेणार नाहीत असे मला वाटते.

गोळ्यांविषयीही सावध करायला हवे. तलावासाठी मिळणाऱ्या 200 ग्रॅमच्या ट्रायक्लोर गोळ्या सोयीच्या असतात, पण त्यांच्यातून क्लोरीनबरोबर सायान्युरिक आम्लही पाण्यात जाते. हेच ते उन्हापासून क्लोरीन राखणारे स्थिरक. ट्रायक्लोरमधून 10 पीपीएम क्लोरीन गेले की 6 पीपीएम सायान्युरिक आम्ल सोबत जाते. रोज 2 पीपीएमची भर धरली, तर शंभर दिवसांत 120 पीपीएम होते, आणि तांब्याप्रमाणेच तेही उडून जात नाही. 30 ते 50 पीपीएमपर्यंत ते उपकारक आहे. त्याच्या पलीकडे ते क्लोरीनला इतके बांधून ठेवते की किटवर आकडा चांगला दिसतो आणि पाणी मात्र हिरवे पडते. मार्चमध्ये असे हिरवे पाणी पाहून ‘क्लोरीन आता काम करत नाही’ असा निष्कर्ष काढणारे आणि म्हणून खनिजांकडे वळणारे तीन-चार तरी शेजारी मला माहीत आहेत. त्यांना खनिजे नको होती, अर्ध्याहून अधिक तलाव रिकामा करून नवे पाणी हवे होते आणि पुढचे काही महिने गोळ्यांऐवजी द्रवरूप क्लोरीन. दहा टक्क्यांचे द्रव असेल तर आमच्या तलावात 1 पीपीएम चढवायला सुमारे 450 मिलिलिटर लागते, पण आपल्या उकाड्यात ते डब्यातच कमजोर होत जाते, म्हणून महिनोन्‌महिने साठवू नये. आणि ट्रायक्लोरच्या गोळ्या व कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर एकाच डब्यात किंवा एकाच मापट्याने कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यांच्या संयोगाने आग लागते, स्फोटही होतो.

चांदीबद्दल एक गोष्ट किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. मे महिन्यात समुद्रालगतच्या विहिरींचे पाणी मचूळ होते, आणि क्लोराइड वाढले की चांदी पाण्यात आयन म्हणून राहत नाही, सिल्व्हर क्लोराइड होऊन खाली बसते. जुन्या फोटोग्राफीत उजेडाने काळे पडणाऱ्या ज्या चांदीच्या क्षारांवर चित्र उमटत असे, त्यांतलाच हा एक. तलावाच्या तळाशी कधी कधी दिसणारे करडे-काळे डाग त्यातून येतात. मिठाच्या पाण्यावर चालणाऱ्या क्लोरिनेटरला चांदीचे कार्ट्रिज जोडून देणाऱ्यांनी हे गिऱ्हाइकाला सांगितले पाहिजे.

वेर्ण्याजवळच्या केसरवालच्या झरीचे उदाहरण मला एका सद्‌गृहस्थांनी दिले. तिथे खनिजांच्याच जोरावर लोकांची त्वचा बरी होते, तर घरी का नको, असा त्यांचा प्रश्न होता. झरीच्या गुणाविषयी लोकांची जी श्रद्धा आहे तिच्यात मी शिरत नाही. पण झरीचे पाणी वाहते असते, एकाच्या अंगावरचे दुसऱ्याच्या अंगावर येण्याआधी ते पुढे गेलेले असते. आपल्या तलावातले पाणी नुसते फिरते.

उष्ण प्रदेशातल्या साचलेल्या पाण्याचा आणखी एक धोका आता दूरचा राहिलेला नाही. 2024 आणि 2025 मध्ये केरळात नाकावाटे मेंदूत शिरणाऱ्या अमिबाचे अनेक रुग्ण आढळले आणि मृत्यूही झाले. त्यानंतर तिथल्या शासनाने विहिरी व टाक्यांच्या क्लोरिनीकरणाची मोहीम हाती घेतली. नीट क्लोरीन राखलेल्या तलावात हा अमिबा टिकत नाही. ‘क्लोरीनमुक्त’ असे लिहून पर्यटकांना घर देणाऱ्यांनी निदान हे वाचून तरी विचार करावा. रोगनियंत्रण केंद्राची शिफारस साधी आहे: मुक्त क्लोरीन किमान 1 पीपीएम, पाण्यात सायान्युरिक आम्ल असेल तर किमान 2, आणि सामू 7.0 ते 7.8. पाण्यात खनिजे आहेत म्हणून मी यातला एकही आकडा खाली आणणार नाही. खनिजे असली तर एवढेच होते की पंप एखादा दिवस बंद पडला किंवा क्लोरीन तासभर घसरले, तरी शेवाळाला लगेच संधी मिळत नाही. हा लाभ लहान नाही, पण तो मदतनिसाचा आहे.

बॅकवॉशच्या पाण्याचा प्रश्न मात्र मला अधिक अस्वस्थ करतो. तांबे माणसाला फारसे बाधत नसले तरी माशांना आणि विशेषतः शिंपल्या-गोगलगायींच्या जातीला ते विषारी असते. बिलहार्झिया पसरवणाऱ्या गोगलगायी मारण्यासाठी अनेक देशांत मोरचूदच वापरला गेला. शिवोलीतली कितीतरी घरे शापोरा नदीच्या उतारावर आहेत. तिथल्या तलावांचे तांबेयुक्त पाणी पावसाळी गटारातून खाजनात (नदीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीत) आणि नदीत जाणार असेल, तर ज्या पाण्यातल्या तिसऱ्या आणि खुबे या शिंपल्या आपण बाजारात हौसेने विकत घेतो त्याच पाण्यात आपण थोडे थोडे विष सोडत आहोत. एका तलावाने काही बिघडणार नाही, पण आता हा एका तलावाचा मामला राहिलेला नाही. बॅकवॉशचे पाणी क्लोरीन उतरू देऊन स्वतःच्याच आवारात शोषखड्ड्यात जिरवावे आणि नदी-नाल्यात सोडू नये, असे पंचायतींनी बांधकामाचा परवाना देतानाच बजावायला हरकत नसावी.

विक्रेत्यांकडून माझ्या अपेक्षा माफक आहेत. डब्यावर ‘खनिज’ असे मोघम न लिहिता कोणता धातू, किती ग्रॅम, आणि किती हजार लिटरला तो किती पीपीएम चढवतो, हे लिहावे. क्लोरीन किती राखायचे तेही त्याच अक्षरात लिहावे. आणि ते मराठी, कोंकणी आणि हिंदीतही असावे, कारण तलावात हात घालणारा माणूस बहुधा घरमालक नसतो, तर पगारावर ठेवलेला मुलगा असतो आणि त्याच्या हाती इंग्रजी माहितीपत्रकाचा उपयोग शून्य. कार्ट्रिज विकताना त्याबरोबर तांबे मोजण्याचे किट द्यावे. क्लोरीनसाठीही पिवळा रंग देणारे जुने ऑर्थोटोलिडीनचे किट देऊ नये, कारण ते मुक्त आणि जोडलेले क्लोरीन एकत्रच दाखवते आणि क्लोरामाइनने भरलेले पाणीही त्यात पास होते. गुलाबी रंग देणारे डीपीडीचे किट थोडे महाग पडते, पण मुक्त क्लोरीन वेगळे सांगते.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. घरे आणि व्हिला भाड्याने देण्याच्या जाहिरातींत ‘क्लोरीनमुक्त’ हा शब्द छापण्याआधी जाहिरातदाराला एवढेच विचारावे, की मग जंतुनाशक म्हणून पाण्यात काय आहे आणि ते शेवटचे कधी मोजले. उत्तर ‘सगळे नैसर्गिक आहे’ असे आले, तर तो शब्द वगळावा.

मुलीच्या तलावाच्या पायऱ्यांवरचे डाग अजून पुरते गेलेले नाहीत. पंपाच्या खोलीत आता एक वही टांगली आहे. देखभाल करणारा मुलगा तीत रोज सकाळी आणि संध्याकाळी मुक्त क्लोरीन आणि सामू लिहितो, दर शनिवारी तांबे लिहितो, आणि तांबे 0.4 च्या वर गेले की मला न विचारता कार्ट्रिजची चावी फिरवून ते बंद करतो.

आपला,
एक निवृत्त पाणी तपासनीस,
म्हापसा, बार्देस